जोर उतरत गेलेली बंदूक

मोठ्या बोअरची एअर रायफल घ्यायची म्हटलं की हौशी माणूस आधी जोराचं विचारतो. किती जूल? अशा चर्चेत उमारेक्स कंपनीच्या हॅमर रायफलीचं नाव हटकून निघतं. नळी ०.५० इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची. टाकीत ४,५०० पीएसआय दाबाची हवा. एका भरणीत पूर्ण जोराच्या तीनच गोळ्या, आणि गोळीमागे सातशे फूट-पाउंड, म्हणजे जवळपास साडेनऊशे जूल ऊर्जा. दस्ता कसा आहे, वजन किती, झडप कोणती, टाकी कुठे बसवली, हे सगळे प्रश्न त्या एका आकड्यामागे रांगेत उभे राहतात.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातही जवळपास त्याच मापाच्या नळीची, वायूवरच चालणारी एक बंदूक वनखात्याच्या गाडीतून फिरते. तिला इथे कोणी एअर रायफल म्हणत नाही. वनरक्षकांच्या तोंडी ती ‘डार्ट गन’ आणि वर्तमानपत्रात ‘भुलीच्या इंजेक्शनची बंदूक’. हिची नळी ११ नाहीतर १३ मिलिमीटरची. तिच्यातून सुटणारा डार्ट दहा ग्रॅमचा आणि त्याचा वेग सेकंदाला ६० मीटर धरला, तर ऊर्जा भरते १८ जूल. हॅमरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढीही नाही. आणि समोर असतो दीड-दोनशे किलोचा वाघ.

एकाच मापाच्या या दोन नळ्यांपैकी एक जोर वाढवत गेली, दुसरी जोर उतरवत गेली. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, जंगलात पोचली ती दुसरी. तिचा माग काढताना लोहारशाळेपेक्षा औषधशाळेतच जास्त थांबावं लागतं.

छातीतला वारा

वाऱ्याच्या जोरावर काही फेकण्याचं सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे माणसाची छाती. चुलीपुढच्या फुंकणीसारखी लांब पोकळ नळी, तिच्यात काडीएवढा बाण आणि मागून फुंकर. छातीतून निघणारा दाब साधारण एक दशांश बार. एवढ्याशा जोरावर सुटलेल्या काडीनं माकड पडेल असं कोणालाही वाटणार नाही. तरीही दक्षिण अमेरिकेच्या गयाना भागातले शिकारी याच काडीनं माकडं पाडत, कारण तिच्या टोकाला क्युरारे हे वनस्पतीचं विष माखलेलं असे. मारायचं काम विषाचं. बाणानं फक्त ते कातडीच्या आत पोचवायचं. आजच्या डार्ट गनचं तत्त्व इथे पूर्ण तयार आहे: फेकलेली वस्तू ही फक्त वाहक.

चार्ल्स वॉटरटन नावाचा इंग्रज जमीनदार १८१२ मध्ये गयानाच्या जंगलात जाऊन हे विष घेऊन आला. १८१४ मध्ये लंडनमध्ये एका गाढविणीच्या खांद्यात ते टोचण्यात आलं. थोड्याच वेळात ती कोसळली, श्वास थांबला. मग तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्यानं तिच्या फुप्फुसांत हवा भरत राहिले. विषाचा अंमल ओसरला आणि ती उठून उभी राहिली. विषाचं नाव वुराली, म्हणून तिचं नाव ठेवलं वुरालिया. पुढे वॉटरटनच्या वॉल्टन हॉलच्या आवारात ती १८३९ पर्यंत जगली.

क्युरारे स्नायू लुळे करतं, त्यात श्वासाचे स्नायूही आले. हृदय मात्र चालू राहतं. बाहेरून कोणी श्वास दिला तर जनावर परत येतं, हे या प्रयोगानं दाखवलं. पाडलेलं जनावर उठवताही येतं, ही कल्पना इथून पुढे या कुळात राहिली. दुसरी एक गोष्ट मात्र पुढच्यांनी बराच काळ नजरेआड केली. क्युरारेनं शुद्ध जात नाही. पडलेल्या जनावराला सगळं कळत असतं, फक्त हलता येत नाही.

फुंकनळी अजूनही मोडीत निघालेली नाही. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयातले पशुवैद्य हेनिंग वीस्नर यांनी तिच्यात सुईचा डार्ट घालून ती जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत पोचवली. पिंजऱ्यातला वाघ किंवा गोठ्यात शिरून बसलेला बिबट्या चार-सहा मीटरवर असेल, तर आजही बचाव पथकाला बंदुकीपेक्षा नळी बरी वाटते. आवाज नाही, धक्का नाही, आणि जोर इतका कमी की जनावराला मुका मार बसण्याची धास्ती नाही.

दस्त्यातली हवा

छातीचा दाब अपुरा पडला, तेव्हा माणसानं हवा दाबून साठवायला घेतली. आज टिकून असलेल्या सर्वात जुन्या हवाई बंदुकींपैकी एक साधारण १५८० ची मानली जाते आणि स्टॉकहोमच्या शस्त्रसंग्रहालयात आहे. या घराण्यातली खरी दमदार बंदूक आली त्यानंतर दोनशे वर्षांनी. बार्थोलोमेउस जिरार्डोनी यानं बनवलेली ही रायफल १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झाली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. बाजूच्या नळकांड्यात वीस-बावीस गोळ्या. ठासणीच्या बंदुकीचा शिपाई एक बार भरेपर्यंत हिचा शिपाई अनेक गोळ्या झाडून मोकळा होई, तेही धूर आणि ठिणगी न उडवता. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या १८०३ ते १८०६ च्या मोहिमेत अशी एक हवाई रायफल होती. वाटेत भेटणाऱ्या टोळ्यांना ती मुद्दाम चालवून दाखवली जाई.

जिरार्डोनीच्या नळीचं माप होतं बारा-तेरा मिलिमीटरच्या आसपास, आणि टाकीतला दाब सुमारे ५५ बार. आजच्या डार्ट गनला जोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये २० अंश तापमानाला जवळपास एवढाच दाब असतो. म्हणजे नळी आणि साठ्यातला दाब या दोन्ही बाबतीत आजच्या डार्ट गनचं माप जवळपास अडीचशे वर्षांपूर्वीच ठरून गेलं होतं.

ही रायफल सैन्यात फार टिकली नाही. टाकी भरायला पंपाचे दीड हजार हिसके मारावे लागत. सांधे गळत. झडपा नाजूक, त्या दुरुस्त करणारा कारागीर प्रत्येक पलटणीत कुठून आणायचा? कागदावरच्या कामगिरीत ती सगळ्यांच्या पुढे होती. चिखलात, थंडीत, अडाणी हातांत तिची रचना हरली.

पुढे हवाई बंदुकीचं घराणं फुटलं. एक फांदी लहान होत गेली: ४.५ मिलिमीटरचा छर्रा, अर्धा ग्रॅम वजन, सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास वेग, म्हणजे दहा जूल. नेमबाजीच्या ऑलिंपिक स्पर्धेपासून गडचिरोलीतल्या महाशिवरात्रीच्या मार्कंडा जत्रेत फुगे फोडण्यापर्यंत याच फांदीचा पसारा. भारतातल्या २०१६ च्या शस्त्र नियमांनी तिला कुंपण घातलं. बोअर ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० जूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही; दोहोंपैकी एकही मर्यादा ओलांडली की लागतो. हॅमरसारखी रायफल दोन्ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडते. गंमत डार्ट गनची. आपल्या हिशेबातली १८ जूलची बंदूक जोराच्या कसोटीवर खेळण्यातल्या बंदुकीच्या रांगेत बसते आणि बोअरच्या कसोटीवर शस्त्र ठरते.

जंगलात मात्र परवाना आहे की नाही यानं फरक पडत नाही. विनापरवाना चालणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीनं हरियाल किंवा तितर टिपला तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती शिकारच. बिनपरवान्याच्या साध्या एअरगनही किती पाखरं संपवू शकतात, हे ओळखून अरुणाचल प्रदेशानं २०२१ मध्ये लोकांनी त्या स्वतःहून जमा कराव्यात अशी मोहीमच काढली. गडचिरोलीकडे शिकारीची जुनी बंदूक वेगळी: भरमार. गावच्या लोहारानं घडवलेली, दारू ठासून चालणारी. त्या जमा करण्याची आवाहनं गडचिरोली पोलीस वेळोवेळी करत असतात. तेव्हा या दोन जिल्ह्यांत खासगी हातातल्या मोठ्या बोअरच्या एअर रायफलीला, तिची रचना कितीही देखणी असली तरी, कायदेशीर शिकार उरलेलीच नाही. तिला काम आहे ते एकच, आणि ते सरकारी पथकाच्या हातात.

सुईला शेपूट

दुसरी फांदी रुंद नळीचीच राहिली, कारण तिला गोळीऐवजी सिरिंज फेकायची होती.

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याला पांढऱ्या शेपटीची हरणं एका भागातून पकडून दुसऱ्या भागात सोडायची होती. जाळ्यात अडकवलेली हरणं धडपडीत पाय मोडून घेत, धसक्यानं मरत. तिथल्या वन्यजीव विभागातला जॅक क्रॉकफर्ड आणि जॉर्जिया विद्यापीठातली मंडळी यांनी कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुकीत बदल करून तिच्यातून सिरिंज झाडायला सुरुवात केली. १९५७-५८ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले आणि पामर कंपनीनं ‘कॅप-चर’ या नावानं ही बंदूक बाजारात आणली. जवळपास त्याच काळात न्यूझीलंडच्या तिमारू गावी कॉलिन मर्डोक हा औषधविक्रेता आणि पशुवैद्य, रानटी झालेल्या बकऱ्यांना लांबून टोचता येईल का या विचारानं, त्याच वाटेवर निघाला होता. वापरून फेकायची प्लास्टिकची सिरिंजही त्याच्याच डोक्यातून आली, १९५६ मध्ये. दवाखान्यातली सिरिंज आणि जंगलातला डार्ट एकाच माणसाच्या टेबलावर घडावेत यात नवल नाही. दोहोंचा प्रश्न एकच: ठरलेलं औषध, ठरलेल्या जागी, शक्य तितक्या कमी इजेनं.

खरा पेच उडण्याचा नव्हताच. पोचल्यावर औषध आत कोण ढकलणार, हा होता. दवाखान्यात अंगठा असतो. तीस मीटरवर अंगठा नसतो. कॅप-चरनं डार्टच्या आत स्फोटकाची बारीक टोपी बसवली. आदळताच ती उडे आणि दट्ट्या पुढे रेटला जाई. खात्रीचं काम, पण औषध इतक्या जोरात घुसे की आसपासचं मांस फाटे.

नंतरच्या डार्टनी हा स्फोट काढून टाकला. भारतात अनेक ठिकाणी दिसणाऱ्या, डेन्मार्कच्या डॅन-इंजेक्ट बनावटीच्या डार्टमध्ये दोन कप्पे असतात. पुढच्यात औषध, मागच्यात सिरिंजनं भरलेली दाबाची हवा. सुईचं टोक बंद असतं, भोक बाजूला, आणि त्या भोकावर सिलिकॉनची छोटी बाही. सुई कातडीत शिरते तेव्हा बाही मागे सरकते, भोक उघडतं आणि मागची हवा औषध सावकाश आत ढकलते. शेपटीला रंगीत गोंडा, डार्ट सरळ उडावा म्हणून आणि झुडपात पडला तर दिसावा म्हणूनही.

बोअर ठरवणारी बाटली

आता नळी किती रुंद हवी? याचं उत्तर औषधाच्या बाटलीत आहे.

सुरुवातीला जॉर्जियात निकोटिन वापरलं. त्यात झोपेची मात्रा आणि मरणाची मात्रा यांत फारसं अंतर नव्हतं. मग आलं सक्सिनिलकोलिन. जनावर लगेच पडे, पण क्युरारेसारखंच: लुळं आणि पूर्ण शुद्धीत. १९६० च्या दशकात इटॉर्फिन हे अफूच्या कुळातलं अतिशय तीव्र औषध आलं. काही मिलिग्रॅममध्ये गेंडा बसे आणि उताऱ्याचं औषध दिलं की उठे. आफ्रिकेतल्या गेंड्यांची स्थलांतरं त्याच्या जोरावर झाली. मांजरकुळाला मात्र ते मानवत नाही.

वाघासाठीची वाट नेपाळच्या चितवनमधून आली. तिथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात जॉन सायडेनस्टिकर आणि कीर्तिमान तामांग यांनी मोकळ्या रानातले वाघ बेशुद्ध करून त्यांना रेडिओ कॉलर लावले. वापरलेलं औषध सीआय-७४४ या सांकेतिक नावानं ओळखलं जाई; पुढे तेच टिलेटामिन-झोलाझेपाम म्हणून बाजारात आलं. भारतातल्या पथकांनी मुख्यतः दुसरी जोडी वापरली: झायलाझिन आणि केटामिन. आधी फुंकनळीसंदर्भात आलेल्या हेनिंग वीस्नर यांनीच या जोडीचं घट्ट मिश्रण बांधलं. झायलाझिनची ५०० मिलिग्रॅम कोरडी पूड पाण्याऐवजी ४ मिलिलीटर केटामिनमध्येच विरघळवायची. दर मिलिलीटरला १२५ मिलिग्रॅम झायलाझिन आणि १०० मिलिग्रॅम केटामिन. त्याला हेलाब्रुन मिश्रण म्हणतात.

ही पाककृती वाटते तेवढी किरकोळ नाही. तीच औषधं पातळ असती तर एका वाघाला दहा-पंधरा मिलिलीटर लागलं असतं. तेवढा डार्ट जड. जड डार्ट पोचवायला जास्त दाब. जास्त दाबाचा धक्का हाड मोडण्याएवढा. घट्ट मिश्रणामुळे तोच वाघ तीन-चार मिलिलीटरमध्ये झोपतो. डार्ट हलका झाला, नळी ११ मिलिमीटरवर भागली, दाब मोजक्या बारवर आला. बंदूक सुधारली ती बंदुकीला हात न लावता. झायलाझिनचा अंमल योहिम्बिन किंवा अ‍ॅटिपामेझोलनं उतरवता येतो. केटामिन मात्र शरीरानंच पचवावं लागतं. म्हणून उताऱ्याची घाई करून चालत नाही. ते गणितही डार्ट भरण्यापूर्वीच मांडावं लागतं.

झाडीपट्टीत

ताडोबाच्या परिसरात शिकारीला बंदी झाली १९३५ मध्ये. १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. इंग्रज साहेबाच्या काळी चांदा जिल्ह्यातल्या शिकारीच्या गटांत ज्या बंदुका येत, त्यांतल्या काहींची नळीही अशीच रुंद असे. फक्त त्यांचं काम एका गोळीत संपे. नव्या बंदुकीला इथे कायद्यानं जागा करून दिली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमात २००२ ची दुरुस्ती झाली, ती २००३ पासून लागू झाली. माणसाच्या जिवाला धोका ठरलेला वाघही पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही किंवा दुसरीकडे हलवता येत नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री पटल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. आधी डार्ट, मग गोळी, हा क्रम तेव्हापासून कायद्यात आहे.

या बंदुकीची गरज वाढत गेली. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ, त्यातले ९७ ताडोबा-अंधारीत. प्रकल्पाची हद्द संपते तिथे वाघ संपत नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, वडसा, आरमोरी, ही धानाची आणि झाडीपट्टीच्या नाटकांची मुलूखपट्टी. इथे बांधाला लागून बांबूचं रान आणि रानात मोहफुलं वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी माणसं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. अशा दिवशी गावाला जूल, बोअर, मिश्रण यांपैकी कशाशीही देणंघेणं नसतं. वाघ आज जेरबंद झाला पाहिजे एवढंच असतं. बंदूक निवडणाऱ्याला मात्र हा सगळा हिशेब त्या दिवसाच्या आधी करून ठेवावा लागतो.

निवड मुख्यतः दोन घराण्यांत असते. एक, काडतुसावर चालणारी: ०.२२ इंचाच्या बिनगोळीच्या काडतुसाचा धूर डार्टला ढकलतो. पल्ला जास्त, थंडी-उन्हाची पर्वा नाही. पण आवाज मोठा, आणि जवळच्या जनावरावर जोर हवा तेवढा खाली आणणं अवघड. दुसरी, वायूवर चालणारी: दस्त्याजवळ कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, एक गोल बटण आणि दाबमापक. अंतर मोजायचं, डार्टच्या आकाराचा तक्ता पाहायचा आणि नेमका तेवढाच दाब नळीमागच्या कप्प्यात घ्यायचा.

कागदावर पहिलीचं पारडं जड. पण झाडीपट्टीच्या रानात बांबू आणि रायमुनियाच्या जाळीतून तीस-चाळीस मीटरपलीकडचा वाघ फारसा दिसतच नाही. साठ मीटरचा पल्ला विकत घेऊन तो वापरायचा कुठे? उलट वाघ पंधरा मीटरवर अचानक समोर येण्याची शक्यता मोठी, आणि तिथे उतरवता न येणारा जोर म्हणजे मोडलेली मांडी.

उन्हाची गोष्ट याहून मजेची आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांवर गेला की सिलिंडरमध्ये द्रव आणि वायू असा भेद उरत नाही. तिथून पुढे तापमानाबरोबर दाब झपाट्यानं चढतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. सिलिंडरचा दाब थेट डार्टमागे लागणारी साधी गॅस बंदूक इथे सकाळी एका वेगानं आणि दुपारी दुसऱ्याच वेगानं डार्ट फेकेल. मध्ये बटण आणि दाबमापक असलेली बंदूक या खोड्यातून सुटते. सिलिंडर कितीही तापो, कप्प्यात घेतलेला दाब नेमबाजाच्या डोळ्यांसमोर काट्यावर असतो. हिवाळी युरोपातून आलेली रचना विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकली ती या काट्यामुळे.

मग वेग थोडा वाढवायला काय हरकत, असं वाटतंच. सेकंदाला साठ मीटर वेगाच्या डार्टला तीस मीटर जायला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सव्वा मीटरच्या आसपास खाली येतो. वाघाच्या खांद्याची उंचीही त्याहून कमी. म्हणजे दुर्बीण त्या अंतरासाठी आधी बसवलेली नसेल तर डार्ट वाघाच्या पंजापुढे मातीत. त्यात अर्धा सेकंद वाघाला मान वळवायला पुरेसा असतो. वेग दुप्पट केला तर घसरण चौथ्या हिश्श्यावर येईल, नेम सोपा होईल. पण आदळण्याची ऊर्जा चौपट होईल, आणि ती वाघाच्या मांसात जिरेल. नेमबाजाची अडचण वाघाच्या अंगावर ढकलायची नाही, असं या बंदुकीचं म्हणणं आहे. म्हणून ती नेमबाजाकडून जास्त कसब मागते: उभ्या वाघाची वाट बघ, मांडी किंवा खांद्याचं जाड मांस शोध, नाहीतर चाप ओढू नकोस.

चाप ओढल्यावरचं काम तर त्याहून लांब चालतं. डार्ट बसल्यावर वाघ तिथेच पडत नाही; काही मिनिटं चालतो, जाळीत शिरतो. जवळ तलाव किंवा बोडी असेल तर बुडण्याची भीती. औषधानं शरीराची उष्णता आवरण्याची ताकद मंदावते, म्हणून डोळ्यांवर पट्टी, अंगावर पाणी, पुन्हा पुन्हा ताप मोजणं. अंधार पडला की वाघ शोधणंच जिवावरचं.

हे सगळे दुवे जागेवर असतील तर काय होतं, ते १३ ऑक्टोबर २०२२ ला वडशाच्या जंगलात दिसलं. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी वनविभागांत मिळून तेरा माणसं मारणाऱ्या सीटी-१ वाघाला ताडोबाच्या जलद बचाव पथकानं डार्टनं बेशुद्ध केलं आणि त्याची रवानगी नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात झाली. दुवे निखळले तर काय होतं, ते त्याआधी चार वर्षं यवतमाळ जिल्ह्यात दिसलं होतं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ टी-१ वाघीण, लोकांची अवनी, गोळीनं मारली गेली. आदेश आधी बेशुद्ध करण्याचा होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं नेमलेल्या समितीनं नंतर नोंदवलं की त्या वेळी पथकासोबत पशुवैद्य नव्हता. डार्ट गन गाडीत असणं आणि डार्ट गनची व्यवस्था असणं, यांतलं अंतर त्या रात्री एका वाघिणीच्या जिवाएवढं होतं.

आणि कधी कधी उत्तर बंदूक नसतेच. राजुरा भागात आठ माणसं मारणारा आरटी-१ ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला गेला तो पिंजऱ्यात.

हीच बंदूक आता पकडण्यापलीकडचं काम करू लागली आहे. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या दोन वाघिणी बेशुद्ध करून नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. २०२४ च्या अखेरीस ताडोबाच्या जमुना आणि झीनत ओडिशातल्या सिमिलिपालला गेल्या. झीनत तिथे रमली नाही; झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये शिरली आणि २९ डिसेंबर २०२४ ला बांकुऱ्यात पुन्हा डार्टनंच थांबवून परत नेली गेली. जॉर्जियातल्या हरणांसाठी जे यंत्र बनलं, त्याचं मूळ काम, जनावर एका रानातून दुसऱ्या रानात जिवंत नेणं, ते सत्तर वर्षांनी चंद्रपूरच्या वाघांसाठी करत आहे.

गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानहत्तींचा कळप फिरतो, आणि कोलामार्काकडे रानम्हशी आहेत. हत्ती, म्हैस, वाघ, तिघांची कातडी वेगळी, औषध वेगळं. बंदूक तीच राहू शकते, कारण सुईची लांबी, डार्टचा आकार, नळी आणि दाब, हे चारही सुटे सुटे बदलता येतात. एकाच कामात अव्वल असलेल्या यंत्रापेक्षा या जिल्ह्यांना हा सुटेपणा जास्त उपयोगाचा.

तेव्हा मोठ्या बोअरची हवाई बंदूक निवडायचा क्रम या मुलखात उलटा लावावा लागतो. आधी जनावर, मग औषध, मग औषधाचं घनमान, त्यावरून डार्ट, डार्टवरून नळी, रानातल्या दिसण्यावरून पल्ला, आणि सगळ्यात शेवटी दाब, तोही काम होईल तेवढाच. या क्रमात बंदुकीचा नंबर मध्येच कुठेतरी येतो. तिच्याआधी पशुवैद्य आणि तिच्यानंतर पाण्याचे कॅन घेऊन धावणारा वनमजूर. खात्याच्या खरेदीच्या फायलीत बंदुकीची ओळ सहज मंजूर होते. पशुवैद्याची कायम जागा, नेमबाजाचा दर महिन्याचा सराव आणि मुदतीतलं औषध या ओळी मंजूर होईपर्यंत त्या बंदुकीला पूर्ण झालेली खरेदी म्हणू नये.